वळणारी मान

"पहिल्या दिवशी नवऱ्याला खोटं वागू देऊ नकोस," लोरेटा कलिंगड कापता कापता म्हणाली. "पुढं सीझनभर काय थापा मारायच्या त्या मारा. पहिला दिवस तेवढा सोडा. त्या दिवसाची नोंद ही माणसं कधीच फेकून देत नाहीत."

जुलै महिना होता. एरी अँकर्स या आमच्या टीमचं शिबिर नुकतंच सुरू झालं होतं आणि खेळाडूंच्या बायकापोरांसाठी मैदानाकडेला मांडव घातला होता. लोरेटाचा नवरा कर्टिस याच टीमकडून तेरा वर्षं खेळलेला. तो बाजूला घडीच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला स्कोअर विचारत होता. समोर कुठलीच मॅच चालू नव्हती.

मी हसून मान हलवली आणि रेवासाठी कलिंगडाची फोड घेतली. मनात म्हटलं, म्हातारी जळते. तिच्या नवऱ्याचे दिवस संपले, आमचे आता सुरू होतायत.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले. माझा नवरा इंद्रजीत खाडे, गारगोटीकडचा पैलवान. मी शर्वरी, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. त्याच्या तालमीतला वजनकाटा बिघडला होता तो दुरुस्त करायला मी गेले. बायकांनी आत जायचं नाही म्हणून वस्तादांनी काटा उंबऱ्याबाहेर आणून दिला. मी पायरीवर बसून तो खोलला आणि चालतो का बघायला हा एकशे अठ्ठेचाळीस किलोचा माणूस त्यावर उभा राहिला. तिथून आमचं जमलं. मी त्याला पैलवान म्हणते, तो मला इंजिनियरबाई.

लाल मातीतला जड पैलवान जागचा हलवणं अवघड असतं, हे अमेरिकेतल्या फुटबॉलवाल्यांना उशिरा का होईना, कळलं. २०३६ पासून त्यांची माणसं आमच्याकडच्या मैदानांवर येऊन बसायला लागली. इंद्रजीतला त्यांनी उचलला. हा फुटबॉल नावापुरताच पायाचा. दोन्ही संघांची सगळ्यात दांडगी माणसं समोरासमोर वाकून बसतात, चेंडू हलला की एकमेकांवर आदळतात, पाच-सहा सेकंदांत खेळ थांबतो, की पुन्हा रांगा. एका दुपारी असं साठ-सत्तर वेळा. इंद्रजीत आमच्या रांगेच्या बरोबर मधोमध. समोरचे दोघं मिळून ढकलतील तरी हलायचं नाही, एवढंच त्याचं काम. आम्ही इकडं आलो त्या वर्षी रेवा तीन वर्षांची होती.

आता पहिल्या दिवसाबद्दल सांगते.

डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला परत मैदानात सोडायचा की नाही हे पूर्वी डॉक्टर विचारपूस करून आणि साध्या परीक्षेचे आकडे बघून ठरवायचे. आता यंत्र ठरवतं. सीझनच्या आधी प्रत्येकाला चौसष्ट बिंदूंची टोपी घालून तासभर बसवतात. आकडे लक्षात ठेवायचे, दिवा दिसला की बटण दाबायचं, असले खेळ. शेवटी कानात निरनिराळे आवाज सोडतात. त्यात एक घरच्या माणसाचा असतो. आपल्या माणसाचा आवाज ओळखला की मेंदूत एक लाट उठते. सेकंदाचा तिसरा हिस्साही लागत नाही, आपल्याला कळायच्या आधीच ती उठून गेलेली असते. हे सगळं मिळून एक आकडा येतो. ही झाली पहिली नोंद. पुढं मार बसला की पुन्हा तपासायचं आणि आकडा पहिल्यापेक्षा आठाहून जास्त घसरला तर बाहेर बसायचं.

म्हणजे पहिला आकडाच कमी असला तर घसरायला जागा उरत नाही. ही युक्ती जुनीच होती. पहिल्याच आठवड्यात टीममधल्या जुन्या खेळाडूंनी इंद्रजीतच्या कानात सांगितली आणि तो घरी येऊन मोठ्यानं हसला.

"ह्यात नवं काय हाय? वस्तादांनी हेच शिकवलंय. खडाखडीत ताकद दाखवायची न्हाई."

खडाखडी म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीची हातघाई. दोघंही एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेत असतात. तिथं जो ढिला राहतो, समोरचा त्याला हलका समजून आत येतो आणि सापडतो. इंद्रजीतच्या दृष्टीनं ती टोपी म्हणजे समोरचा पैलवान.

एवढ्यावर थांबलो असतो तर पाच-सहा आकड्यांचा फरक पडला असता. पण आमच्या घरात मॅन्युअल वाचणारी मी होते. त्या यंत्राची नव्वद पानं मी दोन दिवसांत वाचून काढली. बटणाच्या खेळांना वजन थोडंच होतं. सगळ्यात जास्त वजन घरच्या आवाजाला, कारण तो भाग कुणाला खोटा करता येत नाही, असं त्यात छापलं होतं.

"तुला करता येईल," मी इंद्रजीतला म्हटलं.

कारण मी त्याला मैदानात पाहिलेलं होतं. हलगी कडाडत असते, दहा हजार माणसं नावानं ओरडत असतात आणि हा आत कुठंतरी दार लावून घेतो. हलगी ऐकायची न्हाई, वस्ताद सांगायचे. कानावर पडू दे, आत येऊ द्यायची न्हाई. ही विद्या त्या मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या देशात कुणाला ठाऊक नव्हती.

आवाज घरच्यांनीच द्यायचा होता. मी रेवाचं हसू रेकॉर्ड केलं. ती आधी उचकी दिल्यासारखी अडखळते, मग एकदम फुटते. ते ऐकलं की इंद्रजीत कुठंही असो, त्याची मान वळायची. दीडशे किलोचा माणूस आणि मान पाखरासारखी झटकन.

आठ दिवस आम्ही स्वयंपाकघरात सराव केला. हातात नाडीचं घड्याळ बांधून तो खुर्चीत बसायचा. मी पाठीमागं ओट्यापाशी उभी राहून मधेच हसू लावायची आणि सगळं फोनवर चित्रित करायची. पहिल्या दिवशी मान वळली, नाडी चौदानं उसळली.

"हरलास, पैलवान."

"पोरगी हाय माझी. मान वळणारच की."

"पोरगी नाही, हलगी आहे असं समज."

चौथ्या दिवशी मान वळली नाही, पण नाडी उसळली. आठव्या दिवशी दोन्ही जागच्या जागी. मी सलग पाच वेळा हसू लावलं. तो भिंतीकडं बघत बसला होता. मग त्यानं वळून हात पुढं केला आणि आम्ही टाळी दिली. रेवा पलीकडच्या खोलीत खेळत होती. टाळीचा आवाज ऐकून तीही टाळ्या वाजवत आली.

तपासणीच्या दिवशी मी काचेपलीकडं बसले होते. यंत्र चालवणारी हॅना नावाची मुलगी माझ्याहून लहान असेल. शेवटच्या भागात पडद्यावरची रेघ सरळ गेली, ओढ्यावर टाकलेल्या ओंडक्यासारखी. आकडा आला एकसष्ट. खरा पंच्याऐंशीच्या वर आला असता.

हॅनानं एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. तिला आमचं काहीतरी बिनसलंय असं वाटलं असणार. मी लाजल्यासारखं केलं.

तिसऱ्या मॅचमध्ये कुणाचा तरी गुडघा इंद्रजीतच्या कानशिलावर बसला. तो उठला, दोन पावलं उलट्या दिशेनं चालला. डॉक्टरांच्या तंबूत नेऊन तपासला. आकडा अठ्ठावन्न. एकसष्टातून तीनच गेले. दहा मिनिटांत तो परत मैदानात. आम्ही जिंकलो.

घरी निघताना तो रेवाला गाडीतल्या तिच्या खुर्चीत बसवत होता. पट्ट्याचं बक्कल लावताना त्याची बोटं नुसतीच त्यावरून फिरत राहिली. मी पुढं बसून आरशात बघत होते.

"काय झालं?"

"काय न्हाई. हे कुठं घालायचं असतं गं?"

रोज लावायचा तो पट्टा.

त्याच आठवड्यात स्वरूपाचा फोन आला. स्वरूपा मगदूम, शिराळ्याकडची. तिचाही नवरा पैलवान, किरण. सॅन अँटोनियोच्या टीमनं त्याला सीझनच्या मध्येच घेतला होता आणि त्याची पहिली नोंद पुढच्या सोमवारी होती. कुणीतरी माझा नंबर दिलेला.

"ताई, तुम्ही काय केलं हो? मला तर लई भ्या वाटालंय."

मला पट्टा आठवत होता. तरी मी तिला सगळं सांगितलं: घरचा आवाज, नाडीचं घड्याळ, हलगी. शिकवताना आपण हुशार आहोत असं वाटतं ना, ते वाटत होतं. चार दिवसांनी तिचा मेसेज आला, 'बाळाच्या रडण्यावर सराव केला. यांची मान आता हलत न्हाई. थँक्यू ताई,' आणि पुढं हसऱ्या तोंडांची रांग.

ऑक्टोबरात ट्यूनर आला.

लीगनं सगळ्या टीमना एकाच वेळी तो दिला. टोपी तीच, पण आता ती नुसती ऐकत नव्हती, ढकलतही होती. मार बसल्यावर मेंदूतल्या लहरी आपली लय सोडतात. ट्यूनर त्या तपासतो, पहिल्या नोंदीशी ताडून बघतो आणि जिथं फरक दिसेल तिथं कवटीबाहेरून अगदी हलक्या कंपनांचे धक्के देतो. दर मंगळवारी चाळीस मिनिटं. भजनाच्या आधी तबलजी पेटीचा सूर धरतो आणि हातोडीनं तबला ठोकत ठोकत त्या सुरात आणतो, तसंच हे. तबलजी पेटीला विचारत नाही की बाई, तू तरी सुरात आहेस का.

संमतीपत्र मी वाचलं होतं. 'उद्दिष्ट: खेळाडूची पहिली नोंद' हे वाक्यही वाचलं होतं. एक क्षण बोट तिथं थांबलं. पण डोळ्यांपुढं तो पट्टा होता आणि वाटलं, आपण केलेलं खोटं ते केवढंसं? तासाभराचं सोंग. आधी बरा तर होऊ दे. मी इंद्रजीतला सही कुठं करायची ते दाखवलं.

आणि तो बरा झाला, हे मला सांगायलाच हवं. दोन मंगळवारांत डोकेदुखी गेली. झोप लागायला लागली. पट्टा एका हातानं लावायला लागला. ज्यांनी पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे परीक्षा दिली होती, त्यांच्या घरी तर दिवाळीच होती. एका खेळाडूची बायको मांडवात माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, माझा माणूस परत मिळाला. इंद्रजीत असा खेळत होता की वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'भिंत' ठेवलं. आम्ही ओळीनं पाच मॅच जिंकलो.

घरच्या मैदानावर मॅच संपली की खेळाडू आंघोळी करून ज्या बोळातून बाहेर येतात, तिथं कुटुंबं उभी असतात. दोन-तीनशे माणसांचा कलकलाट. सप्टेंबरात रेवा तिथं नुसती हसायची, आणि इंद्रजीत टोकाशी असतानाच मान वळवून आम्हाला शोधायचा. आठव्या मॅचनंतर ती हसली. एकदा, दोनदा. तो कोचशी बोलत आमच्या समोरून, हातभर अंतरावरून, पुढं गेला.

"पैलवान!" मी ओरडले.

लगेच थांबला. "अरे, हितं हाय व्हय?" परत आला, रेवाला उचललं, गालाचा पापा घेतला. सगळं अगदी नीट. पण मी हाक मारल्यावर.

म्हटलं, दमला असेल.

दिवाळीत सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी त्यांना आत्या म्हणते. इंद्रजीत त्यांच्याशी दहा मिनिटं बोलला. गुडघा कसा आहे, म्हैस व्याली का, सगळं विचारलं. मग फोन माझ्याकडं देऊन फराळाला बसला.

"शरू," आत्या हळूच म्हणाल्या, "त्याचं काय बिनसलंय का गं?"

"का हो आत्या? बोलला की चांगला."

"बोलला गं. पण बँकेतला साहेब बोलतो तसं बोलला."

मी हसण्यावारी नेलं. रात्रंदिवस टक लावून बघणारी मी, आणि चार हजार कोसांवरून फोनच्या चौकटीत त्यांना जे दिसलं, ते मला नुसतं 'दमला असेल' वाटत होतं. खरं सांगायचं तर वाटत नव्हतं. वाटून घेत होते.

तो वाईट वागत नव्हता. ओरडत नव्हता. रेवाला आंघोळ घालायची त्याची पाळी असली की घालायचा, पाणी कोमट आहे का बघून. ती काही सांगायला लागली की पूर्ण होईपर्यंत ऐकायचा. आणि ती हसली की भिंतीकडं बघायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी हॅनानं मला अहवाल दाखवायला बोलावलं. ती खूश होती.

"सत्त्याण्णव टक्के जुळला," ती म्हणाली. "एक भाग फार चिवट होता. ही बघ, आवाजाची जागा. ऑक्टोबरात तपासलं तर घरच्या आवाजावर भलतीच मोठी लाट उठत होती. पहिल्या नोंदीत तसं काहीच नव्हतं. म्हणजे तो माराचाच परिणाम. दर मंगळवारी दाबत आणली." तिनं बोटानं पडद्यावरची रेघ दाखवली. "आता बघ, किती छान सरळ झालीय. शेजारच्या भागांतसुद्धा शांतता आली."

मला उठून ओरडायला हवं होतं की ते दुखणं नव्हतं गं, तो बाप होता.

मी "थँक यू" म्हटलं.

का गप्प राहिले, ते लिहिते. खोटी नोंद दिली हे कळलं तर करार जागच्या जागी रद्द होतो आणि करार गेला की व्हिसा जातो. बाद फेरी चार आठवड्यांवर होती. गावाकडं चौकात त्याचा बोर्ड लागला होता. मी स्वतःला सांगितलं, सीझन संपू दे, मग बोलू. चार आठवडे म्हणजे चार मंगळवार. त्यातल्या पहिल्या तीन मंगळवारी मीच त्याला गाडीनं सोडलं, कारण रस्त्यावर बर्फ होता.

तिसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी, सकाळी, मी आत कणीक मळत होते. इंद्रजीत मागच्या अंगणात फोनवर मॅचची चित्रफीत बघत उभा होता. रेवा झोपाळ्यावर. तिच्या जॅकेटच्या टोपीची दोरी झोपाळ्याच्या साखळीत अडकली आणि ती घसरली. खिडकीतून मला दिसलं ते असं: रेवाचे पाय बर्फाला जेमतेम टेकलेले, दोरी गळ्याशी, ती घुसमटत रडतेय, आणि चार पावलांवर तिचा बाप फोन बघतोय.

मी पिठाच्या हातांनी धावले. दोरी दातानं तोडली. रेवाच्या मानेवर लाल वळ उठला होता, बोटाएवढा जाड.

"ऐकू आलं नाही तुला?"

"आलं की." तो फोन खिशात ठेवत जवळ आला. वळ बघून त्यानं बर्फ उचलून रुमालात बांधला आणि तिच्या मानेला लावला, बरोबर जसा लावायचा तसा.

"मग?"

"रडालती. लेकरं रडत्यात की." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तू हाक मारायची न्हाई व्हय? लगेच आलो असतो."

तो खरंच लगेच आला असता.

त्याच दुपारी मी त्याला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात, त्याच खुर्चीत बसवून. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हंजे मशीननं मला पहिल्या दिवसासारखा केला."

"त्या दिवशी तू सोंग करत होतास, इंद्रजीत."

"ते मशीनला काय म्हाईत?" तो जरा विचार करून म्हणाला, "पण माझं दुखत काय न्हाई. डोकं गप हाय. हात थरथरत न्हाई. तुझ्याशी भांडतोय? रेवाला मारतोय? मग काय बिघडलं, ते तरी सांग."

मी फोन काढला आणि सरावाच्या पहिल्या दिवसाची चित्रफीत लावली. खुर्चीत तो पाठमोरा. मागून रेवाचं हसू, ती उचकी, मग फुटणं. आणि ती मान, झटकन. वळलेला चेहरा. तो चेहरा मी दोन महिन्यांत पाहिला नव्हता.

त्यानं ते तीनदा बघितलं, विरोधी टीमची फीत बघतात तसं, पुढं झुकून. मला वाटलं, आता काहीतरी हलेल.

"बघितलंस?" त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "हितंच घावला असता. मान किती उघडी टाकलीय."

मी उठून परत पोळ्या लाटायला लागले.

सोमवारी मी टीमच्या डॉक्टरांकडं जाऊन लिहून दिलं. नोंद खोटी आहे, खोटं करायला मी शिकवलं, ट्यूनर थांबवा. मला वाटलं होतं, हाकलून देतील. पण बाद फेरी सहा दिवसांवर आली होती आणि त्यांना भिंत हवी होती. तीन माणसं एका लांब टेबलापलीकडं बसली आणि फार सभ्यपणे बोलली.

"खरी नोंद तुमच्याकडं आहे का?"

"नाही. चित्रफीत आहे. नाडीचे आकडे आहेत."

"त्यावरून मेंदू जुळवता येत नाही, मिसेस खाडे. आम्ही फक्त असलेल्या नोंदीकडं नेऊ शकतो."

"मग थांबवा तरी."

त्यांनी इंद्रजीतला विचारलं. चालू ठेवायचं की थांबवायचं, तो निर्णय खेळाडूचा. तो म्हणाला, चालू ठेवा. मग त्यांनी नियमाप्रमाणे जुनी नोंद रद्द केली आणि त्याच दुपारी, खरंखुरं, काही न लपवता, नवी पहिली नोंद घेतली. मी पुन्हा काचेपलीकडं बसले होते. हॅना माझ्याकडं बघत नव्हती. कानात रेवाचं हसू सोडलं. या वेळी त्याला दार लावून घ्यावं लागलं नाही.

आकडा एकसष्ट. आता तो खरा आहे.

आम्ही उपांत्य सामन्यात हरलो. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी भिंत फोडली नाही, बाजूनं गेले. इंद्रजीत जागचा हलला नव्हता.

सामन्यानंतर त्या बोळात लोरेटा आली होती. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही. रेवाच्या मानेवरची पुसट होत चाललेली खूण तिनं अंगठ्यानं चाचपली.

"कर्टिसला पहिल्या वर्षी दोन रात्री मी जागा ठेवला होता," ती म्हणाली. "आकडा कमी यावा म्हणून. मग तेरा वर्षं कितीही मार बसला तरी तो पास. आम्ही प्रत्येक वेळी केक कापायचो." तिनं रेवाची कॉलर वर ओढून दिली. "मला तुला हे सगळं सांगायला हवं होतं. मी नुसतं कलिंगड कापत बसले."

त्यांच्या वेळी ट्यूनर नव्हता. कर्टिसला आता दिवस कळत नाहीत. पण लोरेटाचा आवाज ऐकला की तो अजून खुर्चीतून उठायला बघतो.

रेवा शिकली आहे. तिला बाबा हवा असला की ती हसत नाही, रडत नाही. जाऊन त्याची बाही ओढते आणि त्याच्यासारख्याच शांत आवाजात सांगते, "बाबा, मला लागलंय." तो लगेच बघतो. चारचौघांत लोक म्हणतात, किती समजूतदार मुलगी.

अहवाल बघितला त्याच आठवड्यात मी स्वरूपाला लिहायला हवं होतं. लिहिलं जानेवारीत. सगळं लिहिलं, किरणचा ट्यूनर थांबव, निदान बाळाला त्याच्याजवळ एकटं सोडू नकोस. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. तेव्हापासून फोन बंद आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला तर ते म्हणाले, नवराबायकोचं खासगी असेल, आपण कशाला? किरण खेळतोय, टीव्हीवर दिसतो. चांगला खेळतोय. स्वरूपा रागानं बोलत नसेल तर माझी काही तक्रार नाही, शिव्या घालू दे. पण तिचं बाळ आता आठ-नऊ महिन्यांचं असेल. त्याला बाही ओढता येत नाही. त्याला फक्त रडता येतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी सॅन अँटोनियोत राहत असेल, किंवा तुमचं कुणी तिथं असेल, तर स्वरूपा मगदूमच्या घरी एकदा जाऊन या. डबा घेऊन जा, हळदीकुंकवाचं निमित्त काढा, काहीही करा. किरणला कसा आहेस विचारू नका. तो बरा आहे असंच सांगेल, आणि ते खोटं नसेल. नुसतं थोडा वेळ बसा. पलीकडच्या खोलीत बाळ रडेपर्यंत बसा. आणि तेव्हा त्याच्या मानेकडं बघा.

वळली नाही, तर तुम्ही उठा.